जेरुसलेमची नदी

हदास: पण आंटी, जेरुसलेमला नदी नाहीये.

मोझेल: ती टाचणी दे. लाल डोक्याची नको, पांढरी.

हदास: मी काय म्हणाले ते ऐकलंत का?

मोझेल: ऐकलं ना. माझ्या वर्गातला रूबेनही मोठेपणी तिकडून फिरून आल्यावर हेच म्हणाला होता. आंटी, पाय दुखेस्तोवर चाललो, नदी काही दिसली नाही. मी म्हटलं, तुला वर्गात कधी स्वतःचे मोजे सापडले नाहीत, नदी कुठली सापडणार.

हदास: मग?

मोझेल: मग काय, हसला. गुणी मुलगा. दातांचा डॉक्टर झालाय आता. जरा बाजूला हो, उजेड अडवतेस.

हदास: उजेड आहे कुठं? दुपारचा चहा झाला नाही तोवर अंधार. सिंगापूरचा सूर्य डिसेंबरात रजेवर जातो.

मोझेल: वर्ष झालं तुला येऊन, अजून पावसाची तक्रार. हे बघ, अबिगेलचं. सात वर्षांची आहे, पण हात बघ पोरीचा. करकोचा कसा बसवलाय घुमटावर.

हदास: जेरुसलेमच्या घुमटावर करकोचा. आंटी, मी तासाभरावरच्या गावातली. शाळेच्या सहली तिथं, सैन्यातली नोकरी तिथं. खजुराच्या बागा नाहीत, अशा लाकडी सज्ज्यांच्या गल्ल्या नाहीत, आणि ह्या तर नाहीतच. काय आहेत ह्या? टोपल्या?

मोझेल: होड्या. टोपलीसारख्याच असतात. गोल गोल फिरत जातात.

हदास: सगळ्या चित्रांत आहेत.

मोझेल: असणारच. मी डोळे मिटून बसवते मुलांना, शहरातून फिरवून आणते आणि मग म्हणते, काढा आता. माझ्या आधी वर्गात नुसती पाठांतरं व्हायची. तू आलीस, तू त्यांना हिब्रू शिकवतेस. मी शहर शिकवते.

हदास: जे तुम्ही पाहिलेलं नाही.

मोझेल: पाहिलेलं शिकवायला कशाला हवंय कुणी? ते तर लक्षातच असतं.

हदास: उद्या आपलं सिनेगॉग बघायला पाहुणे येणार आहेत. चर्चचे, मशिदीचे, देवळाचे, शाळांचे शिक्षक. प्रार्थनेचा हॉल बघून झाला की जिना चढून वर येणार आणि ही भिंत बघणार. खाली सालेह अंकलनी काय मांडलंय पाहिलंत?

मोझेल: छोटे टोमॅटो. गोड आहेत. मी दोन खाल्ले.

हदास: टोमॅटो, शेताला थेंबथेंब पाणी देणाऱ्या नळ्या, खिशात मावणारी यंत्रं. वर फलक, 'आजचा इस्रायल'. मला म्हणाले, तू टेबलाशी उभी राहा, हसतमुख. आणि कोणी वेगळंच काही विचारलं तर?

मोझेल: तर टोमॅटो दे.

हदास: हेच म्हणाले ते. तुम्हाला कसं कळलं?

मोझेल: माझा दीर आहे तो. वाद निघाला की खायला पुढं करतो. त्याच्या भावाची मयत उठायच्या आधी त्यानं सामोशासारखे तळलेले सांबुसक सांगून ठेवले होते.

हदास: मला हसू येत नाहीये, आंटी.

मोझेल: दिसतंय.

हदास: टॅक्सीवाला विचारतो, कुठली? मी सांगते. आरशात त्याचे डोळे बदलतात. कधी रागानं, कधी नको इतक्या कौतुकानं. दोन्ही वेळा मी त्याला दिसतच नाही, तो माझ्या पलीकडं काहीतरी बघत असतो. कुणाला माझा देश राक्षस हवाय. सालेह अंकलना टोमॅटो हवाय. तुम्हाला गोल होड्या हव्यात. माझी आई लाइटबिलावरून खालच्या मजल्याशी भांडते, भावाला सैन्याचं बोलावणं आलं की तो अर्धं जेवण टाकून बूट घालतो, शनिवारी रात्री अर्धी गल्ली सरकारविरुद्ध ओरडायला चौकात जाते आणि उरलेली अर्धी खिडकीतून तिला शिव्या घालते. तो देश कुणालाच नको.

मोझेल: मला तो कुणी सांगितलाच नाही.

हदास: तुम्ही विचारला नाहीत.

मोझेल: तेही खरं.

हदास: अबिगेलनं विचारलं होतं तुम्हाला. मी दाराशीच होते. शाळेत तिला कुणीतरी काहीतरी बोललं होतं. तिनं विचारलं, आंटी, तिथले आपले लोक वाईट आहेत का? तुम्ही काय म्हणालात?

मोझेल: म्हटलं, डोळे मीट.

हदास: डोळे मीट.

मोझेल: तू काय सांगितलं असतंस?

हदास: मी? माहीत नाही. सांगितलं असतं की मला भीती वाटते. भावासाठी वाटते. तो ज्यांच्यासमोर उभा आहे, त्यांच्या घरातल्या पोरांसाठीही वाटते. दोन्ही एकदम वाटतं आणि मग रात्रभर छताकडं बघत राहते.

मोझेल: सात वर्षांच्या पोरीला हे?

हदास: सात वर्षांच्या पोरीच्या हातात फोन असतो, आंटी. छत तिलाही आहे.

मोझेल: बस जरा. डब्यात खजुराची बिस्किटं आहेत. बस म्हणते ना. माझ्या शेजारी रोहाना राहते, तुला माहीत आहे. तिच्या नवऱ्यानं नमाजाच्या खोलीत जेरुसलेमच्या सोनेरी घुमटाचं चित्र लावलं होतं. जायचं जायचं म्हणत गेला बिचारा, पण दुसरीकडंच गेला. तिनंही जेरुसलेम पाहिलेलं नाही, मीही नाही. म्हणून आमचं जमतं. दरवर्षी ती ह्या भिंतीसमोर येऊन उभी राहते, एकेक चित्र बघते. हल्ली बातम्या लागल्या की तिच्या घरातला आवाज बारीक होतो. माझ्या घरातलाही. तिच्याकडचा खाऊ येतो, माझा डबा जातो, बोलत मात्र कोणी नाही. ह्या वेळी म्हणाली, बघते जमलं तर.

हदास: येतील त्या.

मोझेल: कोण जाणे. आणि उद्या माझा निरोप. मला तिकीट देणार आहेत, जेरुसलेमचं. मला ठाऊक नाही असं सालेहला वाटतं. त्याला कुजबुजता येत नाही, जिन्यात घुमतं सगळं.

हदास: मग छानच झालं की.

मोझेल: मला नको आहे ते.

हदास: का?

मोझेल: तिथं गेले आणि तू म्हणतेस ते खरं निघालं तर? माझ्याकडं दुसरं शहर नाही, हदास. नवरा गेला, मुलगा सिडनीला. रोज रात्री मी त्या गल्लीतून चालत जाते तेव्हा डोळा लागतो. तिकिटाच्या बदल्यात ते देऊ? मिळणार काय, तर तुझ्या आईचं लाइटबिल.

हदास: आहे तरी काय एवढं त्या गल्लीत?

मोझेल: बूट काढ.

हदास: काय?

मोझेल: मुलं बूट काढतात. काढ. मीट डोळे.

हदास: मिटले.

मोझेल: संध्याकाळ आहे. दिवसभर असं ऊन होतं की भिंतीला हात लावता येत नव्हता. आता बायका गच्चीवर पाणी शिंपडतायत. वास आला?

हदास: तुमच्या बिस्किटांचा आला.

मोझेल: येईल, दम धर. गल्ली इतकी अरुंद आहे की वरच्या सज्ज्यांतून समोरासमोरच्या बायका हात लांब करून मीठ देतात-घेतात. तू खालून चाललीस. पायाखाली गार लागतंय. कोपऱ्यावर घुमट, घुमटावर करकोचा. चोच वाजवतोय, टक टक टक. त्याला वळसा घातलास की एकदम मोकळं होतं. नदी.

हदास: केवढी?

मोझेल: पलीकडं माणूस आहे हे कळतं, कोण आहे ते कळत नाही, एवढी. पाणी चहाच्या रंगाचं. गोल होड्या, बाहेरून डांबर फासलेलं, कलिंगडं भरून येतात, फिरत फिरत. होडीवाल्याला घाई नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मधोमध वाळू वर येते. तिथं चटयांची खोपी बांधायची, आणि—

हदास: आणि मासा उभा भाजायचा.

मोझेल: हो. आगीभोवती, उभा. मग घरी यायचं. कलिंगड—

हदास: कलिंगड विहिरीत सोडलेलं असतं. सकाळपासून. दोरी धाकट्यानंच ओढायची, नाहीतर तो रडतो.

मोझेल: मग गच्चीवर जायचं.

हदास: गच्चीवर गाद्या. ओळीनं. मातीची सुरई कठड्यावर, वाऱ्यात. कठड्याजवळ आजी झोपते, कारण ती झोपेत लोळत नाही. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी खोकतं, आणि तिला पडल्या पडल्या कळतं कोण खोकलं ते.

मोझेल: डोळे उघड.

हदास: थांबा ना.

मोझेल: उघड डोळे. कठड्याजवळची आजी मी मुलांना सांगत नाही. खोकणारा शेजारी सांगत नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुला कुठून कळलं?

हदास: माझी आजी सांगायची. मला झोपवताना. रामत गान, तिसरा मजला, खिडकीखाली बसचा थांबा. सायरन वाजून गेला की मला झोप यायची नाही. मग ती हीच गल्ली सांगायची. ह्याच वळणानं. मी विसरूनच गेले होते.

मोझेल: तुझी आजी जेरुसलेमची का?

हदास: आंटी, ती बगदादची.

(बाहेर पाऊस वाढतो.)

मोझेल: माझीही आजी बगदादचीच. नवरी होऊन बोटीनं इथं आली. इथल्या ज्यूंचं मूळ तिकडचंच, हे मला ठाऊक आहे, आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण तिनं गावाचं नाव कधी घेतलं नाही. शनिवारी संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीशी बसायची. जिकडं तोंड करून आपण प्रार्थना करतो, त्या खिडकीशी. बोट दाखवायची आणि म्हणायची, तिकडं. तिकडं आमच्या गल्लीत. मी केवढीशी. मला वाटलं, घरातली सगळी मोठी माणसं जिकडं बघून रोज मागतात, ते हेच गाव.

हदास: इथून बोट दाखवलं तर दिशा एकच येते.

मोझेल: हो ना. मोठी झाल्यावर नकाशे पाहिले, पुस्तकं वाचली, तरी डोक्यात कधी आलं नाही. नदी दिसली नाही नकाशात तर वाटलं, लहान असेल. टाचण्या काढ.

हदास: कशाला?

मोझेल: काढ म्हणते. इतक्या वर्षांची पोरं मी भलत्याच गावात सोडून आले. रूबेनला मोज्यांवरून बोलले. बिचारा तिकडं नदी शोधत फिरला.

हदास: आंटी, खाली या त्या स्टुलावरून. पडाल.

सालेह: वहिनी, दिवा तरी लावा. दोघी अंधारात काय करताय? अरे वा, चित्रं उतरवताय? फार बरं झालं. मी तेच सांगायला जिना चढून आलो.

मोझेल: तू कशाला सांगणार होतास?

सालेह: म्हणजे चित्रं सुंदर आहेत, प्रश्नच नाही. पण उद्या बाहेरचे लोक येणार. आधीच म्हणतात, ह्यांचा त्या जागेशी संबंध काय. त्यात आपल्याच मुलांनी जेरुसलेमच्या मधोमध नदी वाहवलेली. ती पडवीत सुकत होती तेव्हापासून मी बघतोय. म्हटलं, वहिनींचा शेवटचा दिवस, कसं बोलायचं.

मोझेल: तुला ठाऊक होतं?

सालेह: नदी नाही हे? अहो, मी दोनदा जाऊन आलोय.

मोझेल: आणि इतकी वर्षं बोलला नाहीस.

सालेह: तुम्ही इतक्या खुशीत सांगायचात. मला वाटलं, ही एक पद्धत असेल शिकवायची.

हदास: भिंत अशीच राहू दे, अंकल.

सालेह: तू तर तिथली. तूच म्हणायला हवंस, उतरवा म्हणून.

हदास: तासाभरापूर्वी म्हणत होते. आता नाही म्हणत. वरची पट्टी तेवढी बदला. 'मुलांच्या नजरेतून जेरुसलेम' नको.

सालेह: मग काय लिहू? उद्या कोणी विचारलं, हे कुठलं गाव, तर?

हदास: तर टोमॅटो द्या.

सालेह: वहिनी, बघा ही कशी बोलते.

मोझेल: तुझ्याकडूनच शिकली.

सालेह: बरं, ते नंतर बघू. खाली प्रार्थनेला लागतात ती दहा माणसं जमतायत, सूर्य बुडाला की सुरुवात. आजपासून पावसाचं मागणं घालायचंय. दरवर्षी कुणीतरी विसरतं, आणि मग सगळं पुन्हा म्हणावं लागतं.

हदास: आजपासून? आमच्याकडं कधीच सुरू झालं.

मोझेल: तिकडं आधी?

सालेह: तिकडं त्यांच्या जमिनीच्या हिशेबानं. बाहेर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांचा दिवस वेगळा.

मोझेल: तो कुणाच्या हिशेबानं?

सालेह: बाबेलच्या. जुना नियम आहे, वहिनी. तिकडच्या शेतकऱ्याला ज्या सुमाराला पाऊस लागायचा, त्या सुमाराला बाहेरच्या सगळ्यांनी मागायचा. लंडन असो की सिंगापूर. म्हणजे बगदादच्या आसपासचाच मुलूख. का? अशा काय बघताय दोघी?

मोझेल: म्हणजे इथं गटारं तुंबलेली असताना मी बायकांच्या सज्ज्यात उभी राहून लहानपणापासून जो पाऊस मागतेय...

सालेह: तो जेरुसलेमचा नव्हे. तारीख तरी त्यांची नव्हे.

मोझेल: बगदादचा.

सालेह: असं म्हणता येईल.

मोझेल: हदास, ऐकलंस? मी एकटी नाही चुकले. अख्खी जमात माझ्याबरोबर तिथंच उभी आहे.

हदास: अजून एक आहे, आंटी. शाळेत शिकवलं होतं, तेव्हा कंटाळा आला होता. आमच्याकडं सण संपला की लगेच पाऊस मागत नाहीत. दोन आठवडे थांबतात. सणाला पार बाबेलहून यात्रेकरू यायचे. त्यांच्यातला शेवटचा माणूस नदीपाशी, घरी पोचेपर्यंत थांबायचं. तो वाटेत भिजू नये म्हणून.

मोझेल: स्वतःची शेतं सुकत असताना?

हदास: हो.

मोझेल: अजून थांबतात?

हदास: अजून. यात्रेकरू नाही, बाबेल नाही. मागच्या महिन्यातही थांबले. माझी आई, जी कशावर विश्वास ठेवत नाही, तीसुद्धा म्हणते, एवढी एक गोष्ट आपण बरी करतो.

मोझेल: हे अबिगेलला सांगायला हवं.

हदास: हे सांगा. आणि दुसरंही. आपण दोघी मिळून सांगू. तिनं विचारलंय, तिला उत्तर पाहिजे.

मोझेल: झोप न येण्याचं तू सांग. मी मध्ये बोलणार नाही. नदीचं मी सांगेन, की बाळांनो, आंटीनं तुम्हाला फिरवलं ते जेरुसलेम नव्हे. आंटीच्या आजीचं गाव ते. रडतील का ग?

हदास: अबिगेल विचारेल, मग जेरुसलेम कसं आहे?

मोझेल: आणि मी काय सांगू?

हदास: बघून येऊन सांगा. तिकीट आहे ना.

सालेह: तिकीट? कसलं तिकीट? हदास, कुणी सांगितलं तुला?

मोझेल: जिन्यानं सांगितलं. सालेह, त्या तिकिटात रामत गानला थांबता येतं का?

सालेह: विमानतळाच्या जवळच आहे. पण वहिनी, तिथं काय बघायचंय? नुसत्या इमारती.

हदास: तिसरा मजला. लिफ्ट बंद असते. आजी सत्त्याऐंशीची आहे, टीव्हीशी भांडते, दोन्ही बाजूंना नावं ठेवते. पण दुपारी विचारलंत तर गल्ली सांगते. ह्या चित्रांतली दोन तिच्यासाठी घेऊन जा. अबिगेलचं नक्की. ती करकोच्याची चोच बघून चूक काढेल.

मोझेल: काढू दे. माझ्याहून तिला जास्त ठाऊक. मी नुसतं ऐकलंय, ती त्या गच्चीवर झोपलेली आहे.

सालेह: मला काहीच कळत नाहीये. पट्टीवर काय लिहू ते सांगा. छापणारा दुकान बंद करेल.

मोझेल: छापू नकोस. मी हातानं लिहीन. 'आजीनं सांगितलेलं गाव.' रोहाना आली तर तिला मी स्वतः सांगेन. इतकी वर्षं तीही माझ्याबरोबर भलत्याच नदीकाठी उभी होती बिचारी.

हदास: काय म्हणतील त्या?

मोझेल: हसेल. हसली तर पुढचंही बोलू कदाचित. टाचण्या दे परत. पांढऱ्या.

सालेह: वहिनी, खाली चला आधी. छत्री घ्या, अंगणात घोट्याइतकं पाणी आहे. आणि त्यात उभं राहून आपण पाऊस मागायचा. दरवर्षी मला कसंसंच होतं. त्या गावात आता आपलं कोणी राहिलेलंसुद्धा नाही.

मोझेल: नदी आहे ना.